मालगुंड ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक : पैसा कुठून येतो, कोण मंजूर करतो आणि वाडीचा हिस्सा कसा तपासायचा

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातील समुद्रकाठचे गाव. गणपतीपुळ्याला लागून असलेले, आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचे जन्मगाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांचे स्मारक इथे उभारल्यापासून वाचक आणि पर्यटक या गावाकडे वळतात. मात्र गावात रस्ता कुठे होणार, दिवा कुठे लागणार आणि पाणी कोणत्या वाडीपर्यंत पोहोचणार, हे ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ठरते. शहरात हे काम नगरपरिषद किंवा महानगरपालिका करते. त्यांच्या अंदाजपत्रकाच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक बहुतेक वेळा एका फाईलमध्ये तयार होते आणि त्याच फाईलमध्ये राहते.

या अंदाजपत्रकात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी ठरावीक वाटा असतो. तो वाटा मागायचा तर आधी अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. मालगुंड आणि आसपासच्या गावांतील समाजबांधवांना, तसेच गावाशी नाते टिकवून असलेल्या मुंबईकरांना उपयोगी पडावी म्हणून आम्ही ही माहिती एकत्र देत आहोत. नियम सगळ्या महाराष्ट्राला सारखेच असल्याने इतर जिल्ह्यांतील वाचकांनाही ती लागू पडेल.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामपंचायतीला घटनात्मक दर्जा दिला, ग्रामसभेला घटनेत स्थान दिले आणि अकराव्या अनुसूचीत २९ विषय नोंदवले. पिण्याचे पाणी, रस्ते, साकव, दिवाबत्ती, आरोग्य, प्राथमिक शिक्षण, दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण हे सारे त्यात आहे. शहरांसाठी अशीच तरतूद ७४ व्या घटनादुरुस्तीने केली.

ग्रामपंचायतीचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे असते. पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक अधिनियमाच्या कलम ६२ नुसार तयार होते. आरंभीची शिल्लक, अपेक्षित उत्पन्न, आस्थापनेवरील खर्च आणि विकासकामांवरील खर्च असे त्याचे भाग असतात. पंचायतीच्या सभेत ते मंजूर झाले की मान्यतेसाठी पंचायत समितीकडे जाते. वर्षाच्या मध्येच जमा-खर्चाची गणिते बदलली तर पुरवणी अंदाजपत्रक करता येते.

कागद तयार करण्याचे काम पंचायतीच्या सचिवाचे. आजवर आपण त्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत आलो. ही दोन पदे एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असे एकच पद करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. नाव बदलले तरी दप्तर सांभाळण्याची जबाबदारी तीच आहे.

पैसा कुठून येतो

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाचे ढोबळमानाने तीन प्रवाह असतात.

पहिला प्रवाह स्वउत्पन्नाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, बाजार फी, गाळ्यांचे भाडे हे त्यात येते. घरपट्टीची आकारणी आता इमारतीच्या भांडवली मूल्यावर होते. मालगुंडसारख्या पर्यटनपट्ट्यातील गावात लॉज, हॉटेले, घरगुती निवास आणि दुकाने वाढली की घरपट्टीची मागणीही वाढायला हवी. ती खरोखर वाढली का, हे नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवहीत आणि नमुना ९ म्हणजे कर मागणी नोंदवहीत दिसते.

दुसरा प्रवाह केंद्रीय वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२५-२६ ला संपला आणि १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू झाला. पंधराव्या आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के रक्कम 'बंधित' होती. ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती. उरलेली ४० टक्के 'अबंधित' रक्कम गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती, पण पगार आणि आस्थापनेवर नाही. महाराष्ट्रात या निधीतील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरवून दिला होता. निवडून आलेली संस्था अस्तित्वात नसेल तर हा निधी अडतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांवर आणि पंचायत समित्यांवर कित्येक वर्षे प्रशासक राहिले. लांबलेल्या निवडणुकीची किंमत गावाच्या तिजोरीला कशी मोजावी लागते, हे त्यातून दिसले.

तिसरा प्रवाह राज्य सरकारच्या आणि जिल्हा परिषदेच्या योजनांचा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची योजना यात सर्वांत महत्त्वाची. पूर्वी तिला दलित वस्ती सुधार योजना म्हणत. हा निधी समाजकल्याण विभागामार्फत येतो आणि वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार मिळतो. रमाई आवास योजनेची घरकुलेही याच प्रवाहातली. ज्यांच्या नावाने ही योजना आहे त्या माता रमाईंचे माहेर, दापोलीजवळचे वणंद, आपल्याच जिल्ह्यात आहे.

बाबासाहेबांचा विषय

हा विषय अनेकांना रूक्ष वाटतो. त्यांना आठवण करून द्यावीशी वाटते की बाबासाहेबांचा अभ्यासाचा पहिला मोठा विषय हाच होता. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांच्या ग्रंथात केंद्र आणि प्रांत यांच्यातील पैशाच्या वाटणीचे तीन टप्पे मांडले आहेत. १८७१ पासून वरून ठरावीक रक्कम नेमून देण्याची पद्धत होती. १८७७ पासून काही महसुलाच्या बाबीच प्रांतांकडे सोपवल्या गेल्या. १८८२ पासून महसुलात वाटेकरी होण्याची पद्धत आली. प्रत्येक टप्प्यात प्रश्न एकच होता: खर्चाची जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्या हातात उत्पन्नाचे साधन किती?

हाच प्रश्न आजच्या ग्रामपंचायतीला विचारून पाहा. ज्या पंचायतीचे स्वउत्पन्न तुटपुंजे आहे तिचा कारभार पहिल्याच टप्प्यावर अडकलेला आहे. वरून रक्कम येते, तिच्यावर अटी असतात आणि गाव फक्त खर्च नोंदवते. आपल्या वाडीचा कायद्याने ठरलेला वाटा स्वउत्पन्नातून निघतो. म्हणून लॉजची घरपट्टी थकली तर नुकसान वाडीचेही होते. कर वसुली हा विषय पंचायतीच्या सदस्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

१५, १० आणि ५ टक्के

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून तीन वाटे बाजूला काढायचे असतात: १५ टक्के अनुसूचित जाती-जमाती व नवबौद्धांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी.

उदाहरण घेऊ. समजा एखाद्या पंचायतीचे वर्षाचे स्वउत्पन्न २० लाख रुपये आहे. मग मागासवर्गीय कल्याणासाठी ३ लाख, महिला व बालकल्याणासाठी २ लाख आणि दिव्यांगांसाठी १ लाख रुपये अंदाजपत्रकात स्वतंत्र दिसले पाहिजेत. त्या वर्षी वित्त आयोगाचे आणखी २५ लाख आले तरी १५ टक्क्यांचा हिशेब २० लाखांवरच होतो. सरकारी अनुदान स्वउत्पन्नात धरले जात नाही.

इथे तीन ठिकाणी गफलत होऊ शकते. पहिली गफलत आकड्याची: अंदाजपत्रकात उत्पन्न कमी दाखवले की वाटाही कमी दिसतो. त्यामुळे गेल्या वर्षीची प्रत्यक्ष वसुली आणि यंदाचा अंदाज शेजारी ठेवून पाहावेत. दुसरी गफलत कामाची: सगळ्या गावाच्या वापरातले काम वाडीच्या जवळून जाते म्हणून १५ टक्क्यांच्या खर्चात दाखवणे. मुख्य रस्त्यावरचा दिवा आणि वाडीच्या पाखाडीवरचा दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गफलत वेळेची: वर्षभर रक्कम पडून राहते आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने काहीतरी खरेदी होते. खर्च न झालेला वाटा संपत नाही. तो अनुशेष म्हणून पुढच्या वर्षाच्या तरतुदीत मिळवून दाखवायला हवा. म्हणून केवळ यंदाचे नव्हे, मागच्या तीन-चार वर्षांचे आकडे मागावेत.

कोणता कागद मागायचा

ग्रामपंचायतीचे हिशेब ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. नमुन्याचा क्रमांक सांगून कागद मागितला की टोलवाटोलवीला जागा उरत नाही.

नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक. कोणत्या बाबीवर किती तरतूद केली, हे इथे दिसते.

नमुना २ म्हणजे पुनर्विनियोजन. एका बाबीवरची रक्कम वर्षाच्या मध्येच दुसऱ्या बाबीकडे वळवली तर त्याची नोंद इथे होते. जानेवारीत वाडीच्या साकवासाठी तरतूद झाली आणि डिसेंबरपर्यंत ती नाहीशी झाली, तर उत्तर या नमुन्यात सापडते. अनेक जण नमुना १ पाहून समाधान मानतात, नमुना २ मागत नाहीत.

नमुना ३ म्हणजे वर्षअखेरचे जमा-खर्चाचे विवरण. अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना इथे होते.

नमुना २८ मध्ये मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के आणि महिला व बालकल्याणाच्या १० टक्के खर्चाचे मासिक विवरण असते. आपल्यासाठी सर्वांत कामाचा कागद हाच.

याशिवाय पंचायतीच्या मासिक सभांची इतिवृत्ते आणि स्थानिक निधी लेखापरीक्षणाचा अहवाल पाहावा. वित्त आयोगाच्या निधीतील कामे आणि खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचे नाव निवडून मोबाईलवरही पाहता येतात.

कागद तोंडी मागून मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते. अर्ज भांडणाच्या भाषेत लिहू नये. 'अमुक आर्थिक वर्षांचे नमुना १, २, ३ आणि २८ यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात', एवढे वाक्य पुरेसे आहे.

ग्रामसभा : मत कोणाचे, आवाज कोणाचा

एका आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा सर्वांना माहीत आहेत. वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे मागील वर्षाचा जमा-खर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकास कार्यक्रम आणि लेखापरीक्षणातील शेरे व त्यांची उत्तरे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी तिथे निघतो, म्हणून त्या सभेची नोंद नीट झाली आहे का ते पाहावे.

ग्रामसभेची गणपूर्ती गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या सभेला आपण गेलो नाही, तर दुसऱ्या सभेत मोजकी माणसे सगळ्या गावाचा निर्णय घेऊ शकतात.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. घर गावात, पोट मुंबईत. वाडीतील निम्मी घरे गणपती, शिमगा, मे महिना किंवा वाडीतील जयंतीच्या कार्यक्रमालाच उघडतात. ग्रामसभेचे सदस्यत्व घरपट्टीच्या पावतीवर ठरत नाही, गावच्या मतदार यादीतील नावावर ठरते. मुंबईत मतदार असलेला माणूस गावात घरपट्टी भरतो, पण ग्रामसभेत त्याला मत नाही. मात्र माहितीचा अधिकार त्याला पूर्ण आहे. त्यामुळे गाव शाखा आणि मुंबई शाखा यांनी काम वाटून घेतले तर बरेच साधेल. गावकऱ्यांनी सभेत बसायचे, ठराव मांडायचा. मुंबईकरांनी कागद मागवायचे, आकडे जुळवायचे, अर्जांचा पाठपुरावा करायचा. विहाराच्या वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. तीच शिस्त पंचायतीच्या हिशेबाला लावायची आहे.

सभेत बसण्याची शिस्तही आपल्याला परकी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की बौद्ध भिक्खू संघांना ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभाशास्त्राचे नियम ठाऊक होते आणि ते पाळले जात होते.

ठराव झाला म्हणजे काम झाले का

याचे उत्तर कोकणाच्याच इतिहासात आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, पण पाणी मिळाले नाही. १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा मागणी केली की अंमलबजावणी न करणाऱ्या स्थानिक संस्थांची सरकारी अनुदाने थांबवावीत. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे कोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडले.

या घटनाक्रमातून आम्ही दोन गोष्टी घेतो. सार्वजनिक पैसा जिथे लागला तिथे सर्वांचा हक्क, हे तत्त्व शंभर वर्षांपूर्वीच मान्य झाले होते. आणि ठरावामागे पैसा व पाठपुरावा नसेल तर तो कागदच राहतो.

१९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतीच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की गावात विखुरलेल्या अस्पृश्यांना नुसता प्रौढ मताधिकार पुरणार नाही, त्यांना राखीव प्रतिनिधित्व हवे. आज राखीव जागा आहेत. पण अंदाजपत्रकाच्या सभेत राखीव जागेवरचा सदस्य गप्प बसला, किंवा त्याला कागद न दाखवताच सही घेतली गेली, तर ते प्रतिनिधित्व नावापुरते उरते. आपल्या सदस्याला आकडे समजावून देणे आणि सभेत त्याच्या पाठीशी उभे राहणे ही वाडीची जबाबदारी आहे.

लोकसंख्येचा आकडा

वस्ती विकासाचा निधी लोकसंख्येनुसार मिळतो, गावातील राखीव जागाही लोकसंख्येनुसार ठरतात. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तींना अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. परंतु जनगणनेत धर्म आणि जात हे दोन वेगळे प्रश्न असतात. धर्म 'बौद्ध' नोंदवून अनुसूचीतील जातीची नोंद झाली नाही, तर ते कुटुंब बौद्धांच्या संख्येत मोजले जाते आणि अनुसूचित जातीच्या संख्येतून गळते. आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ जाहीर झाली आहे. वाडीतील प्रत्येक घराने दोन्ही नोंदी तपासून घ्याव्यात. बंद घरांची नोंद कशी होते, याकडेही लक्ष असावे.

वाडीच्या नावाचाही मुद्दा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले असेल तर विकास आराखड्यात, मालमत्ता नोंदीत आणि योजनेच्या प्रस्तावात एकच नाव आहे ना, हे पाहावे. नावातील तफावतीमुळे प्रस्ताव परत येऊ शकतो.

वर्षाचे वेळापत्रक

ऑगस्ट ते ऑक्टोबर : पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होण्याचा काळ. पाखाडी, साकव, विहिरीची दुरुस्ती, स्मशानशेड, संरक्षक भिंत अशी कामे लेखी द्यावीत आणि पोच घ्यावी. आराखड्यात नसलेल्या कामाला पुढे निधी मिळणे अवघड जाते.

डिसेंबर ते फेब्रुवारी : अंदाजपत्रकाचा काळ. १५ टक्क्यांची तरतूद आणि मागील अनुशेष तपासावा. मसुदा मागावा.

मार्च : अखर्चित रकमेवर लक्ष ठेवावे.

एप्रिल-मे : वर्षातील पहिली ग्रामसभा. नमुना ३ आणि नमुना २८ शेजारी ठेवून प्रश्न विचारावेत. पाणीटंचाईही याच दिवसांत असते. कोणत्या वाडीत टँकर आला आणि कोणत्या वाडीत हंडे रांगेत राहिले, याची नोंद ठेवली तर पुढच्या आराखड्यात तीच मागणीचा आधार होते.

जून-जुलै : पावसात खचलेली पाखाडी, तुंबलेला वहाळ, बंद दिवे यांचे तारखेसह फोटो काढून अर्ज करावा.

प्रत्येक वाडीने एक वही घालावी. तिच्यात दरवर्षी चार आकडे लिहावेत: पंचायतीचे स्वउत्पन्न, त्याचे १५ टक्के, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक अनुशेष. पाच वर्षांनी ती वही सभेत उघडली, तर कोणालाही आवाज चढवावा लागणार नाही.